कंटाळलेल्या इंग्रज पोराचा अल्बम

लग्न होऊन शारजाला आले तेव्हा नवऱ्याच्या गाडीत एक सीडी वाजायची. कुणी इंग्रज पोरगा, मागे तुटक तुटक ठेका, आणि वर त्याची अखंड बडबड. गाणं म्हणावं तर सूर नाही, भाषण म्हणावं तर मुद्दा नाही. मी विचारलं, "याला कुणी गप्प का नाही करत?" नवरा दुखावला. म्हणाला, हा गराज रॅप, लंडनचा, अगदी सुरुवातीचा. इथे कॉलेजात असताना आम्ही सगळे यावर वेडे होतो. मी म्हटलं, होतात ना? मग आता शहाणे व्हा.

पुढे ती सीडी कुठे गेली कुणास ठाऊक. मला तर सुटल्यासारखं झालं होतं. पण या उन्हाळ्यात तो बडबड्या परत अवतरला, या वेळी फोनमधून. कारण नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीने त्याचं डिपार्टमेंटच बंद केलं. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की आपणही जायचं. मधे थोडी मुदत मिळते तेवढीच. घरी बसवेना म्हणून तो मला रोज ऑफिसला सोडायला लागला. शारजातल्या अल नहदातून दुबईच्या सिलिकॉन ओएसिसपर्यंत ते सकाळचं ट्रॅफिक, आणि गाडीत तोच मेला अल्बम. मी खिडकीकडे तोंड करून बसायचे, पण कान काही बंद करता येत नाहीत.

खरं तर मार्ग सोपा होता. माझी नोकरी शाबूत होती, नवऱ्याला माझ्या व्हिसावर घेता येत होतं. मी एचआरला विचारूनही आले. पण याच्या डोक्यात भलतंच. इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावातल्या कंपनीची ऑफर आली होती आणि त्याच आठवड्यात हो की नाही ते कळवायचं होतं. तो म्हणे, जाऊ या. मी म्हणे, डोकं फिरलंय का? मुलीची शाळा इथे, माझं ऑफिस इथे, सकाळी निघालं की रात्री रत्नागिरीला अम्मीच्या हातचं जेवण. मुलीला विचारलं तर तिने हेडफोन काढून "मम्मा, व्हॉटेव्हर यू गाइज डिसाइड" म्हटलं आणि परत लावला. घ्या! मला वाटायचं, बायकोच्या व्हिसावर राहायची याला लाज वाटते, आणि त्यात पोरवयातलं लंडनचं खूळ. सगळा दोष त्या अल्बमचा.

म्हणून एका दुपारी मी डबा बाजूला सारला, इअरफोन लावले आणि स्क्रीनवर शब्द काढून अख्खा अल्बम ऐकला. चुका काढायलाच बसले होते. खोटं कशाला बोलू, ठेका वाईट नव्हता. एका ठिकाणी माझाच पाय हलायला लागला तेव्हा मी तो आवरला. पण शब्द? बस चुकली. चहा गार झाला. मित्र सोफ्यावर लोळतोय. पोरगी फोन उचलत नाही. पाऊस. परत तोच रस्ता, तेच दुकान, तीच माणसं. झालं, खलास! मी खूश झाले. मला हवं ते सापडलं होतं.

संध्याकाळी तो घ्यायला आला. दार लावायच्या आत मी सुरू झाले.

"किती वर्षं ऐकतोयस हे? शब्द कधी ऐकलेस का? अरे, तो पोरगा कंटाळून मेलाय तिथे! पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता कंटाळा! आणि तू आम्हाला तिथे घेऊन चाललायस?"

भांडण वाढलं की नवरा इंग्रजीत शिरतो. मी त्याच तयारीत होते. पण तो मराठीत बोलला, शब्द शोधत शोधत.

"म्हणूनच तर आवडतो. तो आरामात कंटाळतो. त्याच्याकडे जॉब नाही, तू बघितलंस ना? आणि अख्ख्या अल्बममध्ये त्याला कोणी निघ म्हणत नाही."

"तिथेही व्हिसाच असतो, हबीबी."

"असतो. पण काही वर्षांनी त्याची गरज संपते, इन्शाल्ला. इथे नाही संपत. मी इथे जन्मलो. अब्बा रिटायर झाले, त्यांचा व्हिसा संपला आणि आमचं घर गेलं. मी जिथे वाढलो त्या रूममध्ये आता दुसरेच लोक आहेत. आज माझा नंबर. तुझ्या व्हिसावर राहीन, मला लाज नाही. पण तुझा जॉब गेला की? आणि नंतर आपली पोरगी मोठी झाली की?"

"गाव आहे की आपलं."

"तुझं आहे," तो म्हणाला. "मी तिथे मे महिन्यातला पाहुणा."

मला राग आला. त्याचा नव्हे, माझाच. इतकी वर्षं एका घरात राहून मी समजत होते की या देशात आम्ही दोघं सारखेच परके. मी घर सोडून आले होते. त्याला सोडायलासुद्धा घर नव्हतं. मी त्याला लंडनवेडा म्हणत होते, हसत होते, मुलीसमोरसुद्धा. आणि हा माणूस रोज सकाळी माझ्या शेजारी बसून घाबरत होता.

पुढे लाल दिव्यांची रांगच रांग होती. गाणं चालूच होतं. मला ते अजूनही आवडत नव्हतं, आजही आवडत नाही.

"गाडी बाजूला घे," मी म्हटलं. त्याला वाटलं मी उतरून टॅक्सी करतेय. पार चेहरा उतरला त्याचा. मी उतरले, फिरून त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि त्याला माझ्या सीटवर बसायला लावलं. "मी चालवते. तू त्यांना मेल कर. हो म्हणून कळव."

त्याने फोन हातात घेतला, पण टाइप करेना. माझ्याकडेच बघत बसला.

"यल्ला, कर ना!"

"तुला कंटाळा येईल तिथे," तो म्हणाला.

"येऊ दे," मी म्हटलं. "कंटाळायलाच तर चाललोय."