बाईसाहेबांचा झाडू

जुन्या हवेलीच्या बागेत दरवर्षी मेळा भरे आणि हवेलीचा इतिहास नाटकातून दाखवत. नाटकातल्या मालकीणबाईंचा, म्हणजे बाईसाहेबांचा, रेशमी झगा फक्त मावशीच्याच अंगाला नीट बसायचा, म्हणून वर्षभर तिथं झाडलोट करणारी मावशी त्या दिवशी बाईसाहेब व्हायची.

एका वर्षी ती मोठ्या ऐटीत जिना उतरली, तर खाली प्रेक्षकांनी शेंगांच्या टरफलांचा सडा घातलेला. मावशीचं डोकंच फिरलं. "हवेली आहे की उकिरडा?" म्हणत तिनं झगा खोचला आणि झाडू उचलला. लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

आता हवेली दाखवणारा गाईड बिनदिक्कत सांगतो, "बाईसाहेब जातीनं झाडायच्या."

मागून मावशी ठसक्यात म्हणते, "मग! कोपरेसुद्धा सोडत नव्हत्या!"