पहिल्या धारेची

“कसलो वास येता गे तुका? पियेवन आयल्या काय कितें?”

परीक्षा संपून दहा मिनिटं झाली नव्हती. डिचोलीच्या एका शाळेच्या अंगणात आम्ही पंधरा-वीस मुलं-मुली घोळका करून उभे. हातात प्रश्नपत्रिका. बारावीनंतरची मेडिकलची प्रवेश परीक्षा. विचारणारा मुलगा डॉक्टरांचा. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि सगळे हसले. मीसुद्धा हसले. ते आधीच कबूल करून टाकते.

वास खरा होता. काजूच्या बोंडांचा. सकाळी भट्टीला लाकडं लावून, मग आंघोळ करून मी आले होते. तो वास आंघोळीनं जात नाही, केसांत बसतो. लाटंबार्श्याला आमची हुर्राक-फेणीची, म्हणजे काजूच्या दारूची भट्टी आहे. बाबा मूळचे दोडामार्गकडचे. खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. खाणी बंद पडल्या, तेव्हा आधीपासून जोडीला असलेली भट्टीच उरली. रीतसर परवान्याची भट्टी, चोरीची नव्हे. तरी शाळेत माझं नाव ‘भट्टीवाली’. पाचवीपासून.

उत्तरं जुळवायची आमच्यात एक रीत होती. प्रत्येकाच्या पेपरात प्रश्नांचा क्रम वेगळा, त्यामुळे नंबर सांगून भागत नाही. वर्गातला हुशार म्हणून ठरलेला मुलगा मध्ये उभा राहून अख्खा प्रश्न वाचतो, आपलं उत्तर सांगतो. बाकीच्यांनी म्हणायचं, “माझंही तेच.” ज्याचं वेगळं आलं त्यानं हात वर करायचा. हात वर केला की हशा.

मी कधी हात वर करत नसे. सहावीत एकदा केला होता. माझंच उत्तर बरोबर निघालं, पण ते दोन दिवसांनी. तोवर शाळाभर माझी नक्कल करून झाली होती. तेव्हापासून मी शिकले, आधी दुसऱ्याचं ऐकायचं आणि मग माझंही तेच म्हणायचं. त्या दिवशीही डॉक्टरांच्या मुलानं तीन प्रश्न वाचले. तिन्हींची माझी उत्तरं वेगळी होती. तिन्ही वेळा मी म्हणाले, “माझंही तेच.”

मग त्यानं चौथा वाचला. अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण भांड्यात उकळत ठेवलंय. वाफ थंड करून दुसऱ्या भांड्यात जमा करतात. जसजसा वेळ जाईल तसतसं जमा होणाऱ्या थेंबांतलं अल्कोहोल वाढेल, घटेल, की तेवढंच राहील?

“वाढेल,” तो म्हणाला. “जितकं जास्त गाळाल तितकं शुद्ध.”

“माझंही तेच.” “माझंही तेच.” घोळकाभर.

माझ्या तोंडून ते निघेना. अहो, हा प्रश्न नव्हता, आमचं अंगण होतं. तांब्याचं भाण चुलीवर चढलेलं, धार जिथं पडते त्या मडक्यावर आई गार पाणी ओततेय, आणि बाबा उकिडवे बसून थोडी करवंटीत घेऊन फेस बघतायत. फेसावरून सांगायचे, धार किती उतरली. आधीची कडक, मग मवाळ, शेवटी नुसतं पाणचट. मी चालायला शिकले तेव्हापासून हे बघतेय.

मी हात वर केला.

“घटतं.”

हशा झालाच. तेवढ्यात सर आले. डिचोलीत त्यांचा क्लास आहे. त्यांची मुलं परीक्षेला बसलेली म्हणून ते फाटकापाशी थांबले होते. मी त्यांच्या क्लासची नव्हे. एकदा विचारायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी बाबांना उभ्या उभ्या सांगितलं होतं, हिला जमायचं नाही.

डॉक्टरांच्या मुलानं प्रश्न त्यांच्यापुढे धरला. सरांनी वरवर पाहिला.

“वाढतं. ऊर्ध्वपातनानं शुद्धता वाढते. पुस्तकात दिलंय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “भट्टीत लाकडं सारणं वेगळं आणि केमिस्ट्री वेगळी, बाई.”

इथवर मी सोसलं असतं. सोसायची सवय होती. पण मला न्यायला आलेले बाबा दहा पावलांवर स्कूटरजवळ उभे होते, आणि सरांना ते दिसले.

“काय रे,” सर म्हणाले. माझ्या बाबांना. वयानं सरांहून मोठ्या माणसाला, वीस पोरांदेखत, काय रे. “तूच सांग तुझ्या मुलीला. गाळता गाळता वाढतं की नाही?”

बाबा पुढे आले. हेल्मेट काखेत. माझ्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाले,

“सर म्हणतत म्हणजे तसाच आसतला.”

माझंही तेच.

माझ्या बाबांनी तेच केलं जे मी सहावीपासून करत होते. तीस वर्षं धार बघणारा माणूस, नुसत्या वासावरून सांगणारा माणूस, आपल्याच भट्टीबद्दल खोटं बोलला. कुणी मारलं नव्हतं, धमकी नव्हती. समोर सर होते, एवढंच. मला बाबांचा राग आला. मग कळलं, हे मी कुठून शिकले ते. मग माझाच राग आला.

“बाबा, तू खोटा कित्याक बोलतंस?”

बाबांनी हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेतलं.

मी सरांकडे वळले. आवाज कापत होता. कापू दे म्हटलं.

“सर, दर एप्रिलात तुम्ही आमच्या भट्टीवर बाटली घेऊन येता. पहिल्या धारेचीच पाहिजे म्हणता. शेवटची नको, पाणचट असते म्हणता. गाळता गाळता वाढत असेल, तर शेवटची का नाही नेत?”

कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा लाल झाला. डॉक्टरांचा मुलगा रुमालाची घडी घालत बसला. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या धारेची कशाला म्हणतात हे गोव्यात शेंबड्या पोराला माहीत असतं. तरी वीस जणांनी ‘वाढतं’ म्हटलं होतं, कारण मध्ये उभा असलेला तसं म्हणाला.

सर माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, “मुलीला जरा वळण लाव.”

आणि बाबांनी हात जोडले. “ल्हान आसा, सर.”

घरी जाताना स्कूटरवरून सर्वण गाव मागे गेलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “थंय बोलूचा न्हय. आमका हंयच रवाचा आसा.”

इथंच राहायचंय, म्हणून बोलायचं नाही. मी म्हटलं, “म्हणूनच बोललंय.”

काही दिवसांनी परीक्षेची उत्तरं जाहीर झाली. ‘घटतं’ बरोबर होतं. मला सांगायला कुणी आलं नाही. सर तर नाहीच. ती यादी मी बाबांना दाखवली नाही. त्यांना यादीची गरज कधीच नव्हती. आणि ज्या तीन प्रश्नांना मी ‘माझंही तेच’ म्हटलं होतं, त्यांतले दोन माझे बरोबर होते. पेपरात गुण मिळाले. अंगणात मात्र मी ते सोडून दिले होते, स्वतःच्या हातानं.

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. मी आता केमिस्ट्री शिकते. केसांना वास येतो, येऊ दे. सर त्यानंतरच्या हंगामात भट्टीवर आले नाहीत. बाबांना त्याची धास्ती वाटते. अजूनही अधूनमधून म्हणतात, जाऊन सरांची माफी मागून ये.

मी जाणार नाही. माझंही तेच हे शब्द मी तोंडातून काढून टाकलेत. आधी माझं उत्तर सांगते, मग दुसऱ्याचं ऐकते. चुकले तर माझं चुकेल. आणि माझ्या बापाला त्याच्याच भट्टीबद्दल खोटं बोलायला लावणारा कुणी पुन्हा समोर आला, तर मी पुन्हा बोलेन. आवाज कापला तरी बोलेन. बाबांनी शेजारी उभं राहून हात जोडले, तरी बोलेन.