बाई आमच्या गल्लीत आल्याच नाहीत

“तुमच्यात हळदीकुंकू करत न्हाईत न्हवं? मग कशाला आलीयास?”

मांडवाच्या तोंडाशी कुंकवाचा करंडा घेऊन उभी असलेली बाई मला म्हणाली. उमेदवार बाईंची जाऊ ती. हळू नाही म्हणाली. मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली. कुणीतरी हसलं. मी बाजूला झाले आणि माझी जागा लगेच भरली.

कसबा बावड्यातली ही गोष्ट, नव्वदच्या दशकाच्या अखेरची. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला होता. माझं पहिलंच मत. तीन बायका उभ्या होत्या आणि भिंतीभिंतीवर त्यांच्या नवऱ्यांचे फोटो. हात जोडलेले, मिशीवाले. कोपऱ्यात तिकिटाएवढी बाई, डोक्यावर पदर. ती शिकलीय किती, बोलते कशी, करणार काय, कळायला मार्ग नव्हता.

वरच्या गल्लीत कळत होतं. तिथं हळदीकुंकवाला बाई स्वतः येऊन बसायच्या. आम्ही बौद्ध. आमच्या घरातनं हळदीकुंकू आजोबांच्या काळीच गेलं, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण बाईंना भेटायचा रस्ता त्याच मांडवातनं जातो, हे त्या दिवशी कळलं.

मला एकच विचारायचं होतं. आमच्या गल्लीमागच्या बायकांच्या संडासाला दारं नव्हती. पोत्याचे पडदे. वाऱ्यानं उडायचे. मी आत असले की आई बाहेर उभी, आई आत गेली की मी. पलीकडच्या रस्त्यानं कारखान्याला उसाच्या गाड्या जायच्या. गाडीवान बघायचे. दारं कधी बसवणार, एवढंच विचारायचं होतं.

परत जायला वळले, पण पाय निघेना. कनातीच्या फटीतून आत बघितलं. सुनंदा बसली होती. शाळेत माझ्याच बाकावर बसायची, वरच्या गल्लीतल्या शेतकऱ्याची पोरगी. बाई तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बोलत होत्या. मी जळले. खरं सांगते, नुसती जळले. तिचं कुंकू मला नको होतं, वाणही नको होतं. तो गुडघ्यावरचा हात हवा होता. ती पाच मिनिटं हवी होती.

दुसऱ्या दिवशी शिवणाच्या क्लासात तिला गाठलं.

“काय इचारलंस बाईंना?”

“काय इचारणार? साडी कुठनं घेतली म्हटलं. बेंगळूरची हाय गं.”

माझं मशीन थांबलं. ज्या जागेवरनं मला हाकललं, तिथं बसून हिनं साडी विचारली. आणि काही वाया गेलं असं तिला वाटलंही नाही. का वाटावं? तिच्या घरी संडास होता, आतून कडी लागणारा.

त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीत त्याच बाईंचा कार्यकर्ता आला. पोतं घेऊन. पोत्यात स्टीलच्या वाट्या.

“मावशी, बाईंचं चिन्ह कपाट. ध्यानात ठेवा.”

“बाई कुठं हायत?” मी विचारलं.

“बाईंचं काय काम? सायेब हायत की.”

“बायकांच्या संडासाचं सायबास्नी इचारू?”

तो आईकडं वळून म्हणाला, “पोरीला समजवा. तुमास्नी चिन्ह कळलं म्हंजे झालं.”

आईच्या हातातली वाटी मी काढून घेतली आणि त्याच्या पोत्यात टाकली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भांडं गेलं म्हणून नाही. घाबरली होती.

मतदानाला गेले. शिक्का हातात घेऊन उभी राहिले. तीन नावं, तीन चित्रं. एकीचाही आवाज मी ऐकला नव्हता. कागद कोराच घडी घालून पेटीत टाकला. बाहेर सुनंदा उभी होती, बोटाला शाई. “कपाटच न्हवं?” म्हणाली. मी तिच्या बाजूनं घराकडं निघाले. कोऱ्या मताचा मला अभिमान वाटला नाही. त्यानं कुणाचंच काही अडलं नाही, कपाट निवडून आलं आणि पडदे तसेच उडत राहिले.

पुढच्या निवडणुकीपर्यंत मी गल्लीतल्या घराघरात जाऊन बायकांशी बोलले. आता ती आलीय, वॉर्ड पुन्हा बायकांसाठीच राखीव, आणि सगळ्या उमेदवारांना आमचा एकच निरोप गेलाय. बाईंनी स्वतः यायचं. नवरा नको, पोतं नको. सतरंजी आम्ही टाकतो, संडासाच्या समोर. तिथं बसायचं आणि विचारू त्याचं उत्तर द्यायचं.

सुनंदाचा हेवा अजून माझ्या पोटात आहे. तो मी जाऊ देणार नाही. तो गेला तर मी पुन्हा वाटी घेऊन गप्प बसेन.

सतरंजी टाकली आहे. जी बाई येऊन बसणार नाही, तिला या गल्लीतलं एकही मत नाही.