पांढरी गुलबक्षी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी गुलबक्षी निवडली. चौसाळ्याला आमच्या घरामागे मोकळी जागा होती आणि पाणी घालायला माय होती. मी बीडला वसतिगृहात राहायचे.

तांबड्या आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी झाडं गुलाबी फुलांची निघतात. त्यांच्या बियांतून पुढे एक तांबडं, दोन गुलाबी, एक पांढरं असं प्रमाण पडायला हवं. ते बी मी परसात टोकलं आणि बीडला परतले.

फुलं आल्यावर येऊन झाडं मोजली. तांबडी एकोणीस, गुलाबी एक्केचाळीस, पांढरी फक्त आठ. अपेक्षेपेक्षा आलेला फरक निव्वळ योगायोगाचा मानता येईल का, हे काय-वर्ग चाचणीने तपासतात. माझं उत्तर तक्त्यातल्या मर्यादेच्या वर गेलं, म्हणजे योगायोग म्हणता येईना.

प्रकल्पाचे सर म्हणाले, "आकडे जुळत नाहीत, एवढंच चाचणी सांगते. का, ते नाही सांगत. झाडांचं काय झालं, ते आधी बघा."

घरी येऊन मायला विचारलं.

"पांढरी व्हय? ती म्या वाटली की. शेजारणी सोमवारी महादेवाला फुलं मागत्यात. म्हणलं, झाडच न्या."

"किती दिली?"

"ध्यानात न्हाई बाय. किती पायजे होती तुला?"

"वीसेक," मी बोलून गेले.

तिने लगेच चपला घातल्या आणि गल्लीत गेली. दिवेलागणीला परतली तेव्हा चेहरा फुलला होता. "बारा दिलती. आठ अन् बारा, वीस झाली बग!"

मी पुन्हा गणित मांडलं. इतकं नेमकं जुळलं की मलाच कसंतरी झालं. ही बारा शेजारणींच्या अंगणातली होती की माझ्या तोंडून निघालेल्या विसातली? घरोघर जाऊन बघता आलं असतं, पण मायच्या मागे तपास करत फिरायला मन होईना.

सरांनी साफ सांगितलं, "किती हवीत हे मोजणाऱ्याला आधीच ठाऊक असेल, तर ती मोजणी धरता येत नाही."

मी आठच लिहिली. खाली झाडं वाटल्याचं कारण दिलं. प्रकल्प पास झाला.

मायने फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला. "माझी बारा धरली का?"

"न्हाई धरता आली, माय."

"मंजी, मी खोटं बोलले व्हय?"

मी नियम समजावला, सरांचं म्हणणं सांगितलं, तुझ्यावर कुणाचाच संशय नाही, असंही म्हटलं. ती "असू दे" म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला.

त्याआधी दर खेपेला ती विचारायची, आज काय शिकलीस. न कळलं तरी ऐकून घ्यायची. आता मी हीच चाचणी कॉलेजात शिकवते. घरी गेले की माय गावातली लग्नं, कुणाचं दुखणंखुपणं, सगळं बोलते. माझ्या कामाचा विषय निघाला की उठते, "मला काय कळतंय त्यातलं," म्हणते आणि चहा टाकायला जाते.