भटू नाना आणि तीन दुभाषे

भटू नानांच्या घरी संध्याकाळी पाचला गेलं की एक राजपुत्र हमखास विहिरीकडे चालत जाताना दिसायचा. कॉम्प्युटरवरच्या खेळातला. त्याच्या बापाचा खून झालेला, राज्य गेलेलं, बहीण शत्रूच्या किल्ल्यात अडकलेली. नाना त्याला राजवाड्याच्या दारातून बाहेर काढत, बाजाराच्या गल्लीतून विहिरीपर्यंत नेत, नव्वद सेकंद झाले की पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा कागदावर टिपत आणि खेळ बंद करत. मग एक सेटिंग बदलून पुन्हा तेच. तीन वर्षांत बहीण काही सुटली नाही. एकदा न राहवून मी विचारलं, विहिरीच्या पुढे काय आहे? नाना म्हणाले, "पुढे पानी पडस. तठे आकडा हालतस."

आमच्या शहाद्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात नाना प्रयोगशाळा सहायक होते आणि मी मराठी शिकवतो. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात कायम एक थर्मामीटर. स्टाफरूममधला चहा गार आहे अशी तक्रार कुणी केली, तर नाना तो आधी मोजून बघत. मोजल्याशिवाय बोलणाऱ्या माणसाबद्दल त्यांना राग नव्हता, कीव होती. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी त्यांनी चांगलं ग्राफिक्स कार्ड घातलेला कॉम्प्युटर घेतला. मुलगा लॅपटॉप घेऊन सुरतेला गेला, कॉम्प्युटर मागे राहिला, आणि नानांना मोजायला थर्मामीटरपेक्षा मोठं काहीतरी मिळालं.

ते काय मोजतात हे मला कळावं म्हणून त्यांनी सातपुड्यातल्या मोलगीच्या बाजाराचं उदाहरण दिलं होतं. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी मोलगीला काढली होती. तिथे पाड्यावरून आलेला माणूस पावरी बोलायचा, खालून गेलेला व्यापारी अहिराणी, आणि मध्ये एक दुभाषा उभा असायचा. खेळ आणि ग्राफिक्स कार्ड यांचंही तसंच. खेळ सांगतो झाड काढ, आग काढ. मधला दुभाषा ते कार्डाला समजावतो. डायरेक्टएक्स अकरा हा जुना दुभाषा, सगळं आपल्याच अंगावर घेणारा, त्यामुळे कधी दमणारा. डायरेक्टएक्स बारा आणि व्हल्कन हे दोघे नवे. ते बरंचसं काम खेळ लिहिणाऱ्यावरच सोपवतात. कोणता दुभाषा असताना एका सेकंदात जास्त चित्रं, म्हणजे फ्रेम, पडद्यावर येतात, एवढाच प्रश्न. नानांच्या कागदांनी उत्तर दिलं होतं: व्हल्कन. तेही थोडंथोडकं नव्हे, चांगलं दीडपट.

हे उत्तर नानांच्या घरात राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण सलीम शेखने कापडाच्या दुकानाच्या वर गेमिंगची खोली काढली आणि नानांना सल्ला विचारला. नानांनी सल्ला दिला, आणि सलीमने तो बोर्डावर लिहिला: 'येथे सर्व मशीन व्हल्कनवर चालतात.' महिन्याभरात बसस्टँडमागे पंकज नावाच्या तरुणाने दुसरी खोली काढली. त्याला वेगळं काही लिहायलाच हवं होतं. त्याने लिहिलं, 'फक्त बारा.'

पुढे जे झालं ते आमच्याकडे निवडणुकीतही होत नाही. मुलं एकमेकांना व्हल्कनवाला आणि बारावाला म्हणू लागली. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, त्यांचंही मत ठाम होतं. किंबहुना त्यांचंच जास्त ठाम होतं. एकाने जीपच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत व्हल्कन रंगवून घेतलं. ती जीप धडगावच्या घाटात सवाऱ्या भरून चालायची आणि आतल्या लोकांना ते एखाद्या देवाचं नाव वाटायचं. अकराच्या बाजूने मात्र कुणी नव्हतं. जुन्याची बाजू घ्यायला वयस्कर माणसं लागतात, आणि वयस्कर माणसांत या वादात पडलेले एकटे नानाच होते, ते तर व्हल्कनचे.

शेवटी ठरलं की एका रविवारी दुपारी सलीमच्या खोलीत, सगळ्यांसमोर, नाना आपले आकडे मांडतील आणि पंकज आपले. नाना खुशीत होते. त्यांनी तीन वर्षांचे कागद नव्याने टाईप करून घेतले.

त्या रविवारच्या आठ दिवस आधी, आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, त्यांच्या घरी रंगकाम निघालं. टेबल हलवायला मी गेलो होतो. वायरी काढल्या, भिंत रंगवून झाली, आणि टेबल परत जागेवर आल्यावर नानांनी मला मागे वाकून पडद्याची वायर लावायला सांगितली. मला त्यातलं काही कळत नाही. मी विचारलं, वरच्या भोकात लावू की खालच्या? खालच्यावर तर प्लॅस्टिकचं टोपण अजून तसंच आहे.

नाना माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले, वाकून पाहिलं आणि तसेच बसून राहिले. खालचं भोक ग्राफिक्स कार्डाचं होतं. वरचं मशीनच्या मूळ पाटीचं, मदरबोर्डचं, जिच्यात कामापुरतं साधंसं चित्र काढायची सोय असते. वायर पहिल्या दिवसापासून वर होती. तीन वर्षं तो राजपुत्र त्या साध्या सोयीवर रांगत विहिरीकडे जात होता, आणि ते महागडं कार्ड टोपणं घालून शेजारी नुसतं बसून होतं.

नाना म्हणाले, "आकडा खरा शेतस. फक्त त्या कार्डना नहीत."

त्यांनी स्वतःच्या हाताने टोपण काढलं, वायर खाली लावली आणि पुढचा आठवडाभर सगळं पुन्हा मोजलं. आता तिन्ही दुभाष्यांत तीन-चार फ्रेमचा फरक निघाला. एका खेळात व्हल्कन किंचित पुढे, दुसऱ्यात बारा. आणि एका जुन्या खेळात, ज्याचं नाव घ्यायलाही मुलं लाजायची, चक्क अकरा. कागदावरचा फरक डोळ्यांना दिसतो का हे पाहायला त्यांनी मला बसवलं. मला तिन्ही वेळा राजपुत्र सारखाच दिसला. नानांनाही.

शनिवारी मी त्यांना समजावलं. टोपणाचं मला आणि तुम्हालाच माहीत आहे. उद्या व्हल्कन म्हणा आणि मोकळे व्हा. सलीमचा बोर्ड राहील, पोरं खूश राहतील, कुणाचं काही बिघडणार नाही. कुणाला कळणार आहे?

"मले समजनं ना," नाना म्हणाले.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नाना उभे राहिले आणि त्यांनी टोपणापासून सुरुवात केली. मी मान खाली घातली. ते वर्गात मीठ विरघळवून दाखवताना जसं सांगत, तसंच सांगत होते: चूक कुठे होती, किती दिवस होती, आणि आता काय निघालं. शेवटी म्हणाले, "मी जे सांगं ते खोटं व्हतं. मन्ही चूक व्हयनी."

पंकजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, बारा जिंकलं म्हणून. नानांनी हात वर केला. "बारा बी नही," ते म्हणाले. "जेनं तेनं मशीन दखो. मंग ठरावो." टाळ्या थांबल्या. आतापर्यंत खोलीत अर्धे लोक नाराज होते, आता सगळे झाले. मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारं विकलं गेलं. कुणी, कशासाठी आणि कितीला विकत घेतलं, याचा खुलासा त्याने केला नाही.

लोक गेल्यावर नाना सलीमजवळ गेले आणि बोर्ड उतरवायला मदत करतो म्हणाले. सलीमने खुर्च्या सरळ करता करता मान हलवली. "राहू द्या नाना. बोर्ड काढा ते लोके म्हनतीन, पंकज जिकना." नानांनी पुन्हा एकदा समजावून पाहिलं, की कुणीच जिंकलेलं नाही. सलीमने ते कबूल केलं आणि बोर्ड तसाच ठेवला. तो अजून तिथे आहे.

एखादा माणूस इथे थांबला असता. नानांनी मात्र तीन वर्षांत कुणाकुणाला सल्ला दिला ते आठवून चौदा नावं काढली आणि सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवर एकेकाकडे जायला सुरुवात केली. दोनदा मीही मागे बसलो. विसरवाडीला हायवेवर टायरचं दुकान असलेल्या माणसाने आम्हाला चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, मग बारा घेऊ का? जीपवाल्याने काच पुसायला नकार दिला. त्या नावाने गाडीला सवाऱ्या चांगल्या मिळतात म्हणाला. तोरणमाळच्या चढावर तर गाडी दोनदा बंद पडली. वर पोचलो तेव्हा कळलं की तिथल्या वनरक्षकाचा कॉम्प्युटर विजेच्या झटक्याने कधीच जळून गेला होता. तरी नानांनी त्याला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकही प्रश्न न विचारता ऐकलं. मग म्हणाला, आजवर माझ्याकडे येऊन चुकलो म्हणणारे तुम्ही पहिलेच. चौदा जणांत ज्याला नानांचं म्हणणं कळलं, असा तो एकच निघाला, आणि त्याच्याकडे मशीन नव्हतं.

त्यानंतर नानांना कुणी काही विचारेनासं झालं. पोरांना दूरच्या शहरातला एक व्हिडिओवाला सापडला. चमकत्या खुर्चीत बसून तो दहा मिनिटांत अंतिम निकाल देतो आणि दुसऱ्या महिन्यात उलटा देतो. त्याच्यावर कुणाचा राग नाही. नाना निवृत्त झाले आणि मुलाकडे सुरतेला गेले. निरोपसमारंभात प्राचार्यांनी त्यांच्या तंत्रज्ञानप्रेमाचा गौरव केला आणि त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं.

मागच्या पावसाळ्यात मी अकरावीला एक जुना अभंग शिकवत होतो. त्यात 'वोखटे' हा शब्द आहे. मी त्याचा अर्थ 'उघडेवाघडे' असा सांगायचो. नऊ वर्षं तसाच सांगत आलो. त्या सकाळी दुसरंच काही शोधताना शब्दकोशात त्या पानावर नजर गेली. वोखटे म्हणजे वाईट. उघड्याचा काही संबंध नाही.

मी वर्गात गेलो. आदल्याच दिवशी या मुलांनीही तो चुकीचा अर्थ उतरवून घेतला होता. पुढची ओळ सुरू करणं अगदी सोपं होतं. खडू हातात घेऊन मी फळ्यावर खरा अर्थ लिहिला आणि मुलांना सांगितलं की हा शब्द मी नऊ वर्षं चुकीचा शिकवला. मुलांनी निमूटपणे आधीचा अर्थ खोडला. कुणाला काही वाटलं असं दिसलं नाही. फक्त दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"सर, मग आधीच्या मुलांचं काय?"

तास संपल्यावर मी ऑफिसात गेलो आणि जुन्या हजेरीपटांच्या कपाटाची किल्ली मागितली. कारकुनाने विचारलं, कोणत्या वर्षाचे पाहिजेत?

मी म्हणालो, नऊही वर्षांचे.