आज कुठला?

अंग पुसून झालं की शोभाताई रोज सकाळी आईच्या पलंगासमोर उभ्या राहतात. दोन हातांत दोन गाऊन असतात. “आजी, आज कुठला?”

अर्धांगवायूच्या झटक्यात आई अंथरुणाला खिळली, वाचाही गेली, म्हणून आम्ही शोभाताईंना दिवसभरासाठी ठेवलं. औषधं देणं, पेज भरवणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं ही त्यांची ठरलेली कामं. कुठला गाऊन हे विचारणं त्यात कुणी सांगितलेलं नव्हतं. आईची नजर सावकाश इकडून तिकडे फिरते, एकावर थांबते. तोवर शोभाताई हात खाली घेत नाहीत.

घरात दुखणं आलं की त्याच्या मागोमाग ठरवणारी माणसं येतात. पंखा किती, भात किती, झोपायचं कधी, सगळं आपणच प्रेमाने ठरवून टाकतो. पण काळजी घेणं म्हणजे सगळं करून टाकणं नव्हे. विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, हीसुद्धा सेवाच आहे, याबद्दल मला आता शंका नाही.

काल आईने निळा पाहिला, पिवळा पाहिला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

“दोन्ही नकोत?” असं म्हणत शोभाताई खुशीत कपाटाकडे वळल्या.

मी दारात उभा राहून हसत होतो. साडीच्या दुकानात अख्खं कपाट गादीवर उतरवायला लावून “बघते, नंतर येते” म्हणत उठणारी माझी आई अजून तशीच होती.