भर दुपारचा दिवा

गाड्यांच्या वायरिंगची कामं करणाऱ्या त्या गृहस्थाला घरात सगळे 'मेनस्विच' म्हणत, कारण तो खोलीतून बाहेर पडला की मागे पंखा, दिवा काही चालू राहत नसे. आत माणूस बसलेला असला तरी. अशा माणसाच्या बायकोने नवी स्कूटर घेतली, तीही दिवा बंद करायचं बटणच नसलेली. इंजिन सुरू झालं की पुढचा दिवा लागणारच, मग डोक्यावर ऊन का असेना.

रस्त्यात समोरून येणारे मूठ उघडझाप करून खुणावत, दिवा चालू राहिलाय. बायको हसून पुढे जाई. मागे बसलेल्या मेनस्विचच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबत. तीस वर्षं लोकांचे दिवे दुरुस्त केले आणि घरचा एक दिवा आवरेना! दुकानदाराने समजावलं होतं, की हा दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नसतो, दुसऱ्यांनी आपल्याला बघावं म्हणून असतो. यावर याचं उत्तर तयार, की ज्याला एवढी स्कूटर दिसत नाही त्याला दिवा काय दिसणार? शेवटी एका रविवारी हात शिवशिवलेच. त्याने दिव्याची वायर कापून सीटखाली बटण बसवलं आणि दिवा बंद करून टाकला. बायको उजेडातच कामावर जाऊन येई, तिला पत्ताही लागला नाही.

दहा दिवसांनी तो गिऱ्हाइकाची मोटार घेऊन गॅरेजच्या बोळातून बाहेर निघाला. उजवीकडे पाहिलं, तर झाडांच्या सावलीत नुसता करडा रस्ता. मोटार पुढे काढली आणि त्याच सावलीतून करकचून ब्रेक दाबत एक करडी स्कूटर आली, ती बंपरपासून वीतभर अंतरावर थांबली. वर बायको. कुणाला खरचटलंही नाही.

"अहो, मी दिसले नाही तुम्हाला?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं. पुढचं खरं काही तोंडातून निघेना.

मग बायकोने कंबर कसली. त्याच्याकडून मोटारीची किल्ली काढून घेतली, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ ठरवली, आणि जेवताना ताटात काय कुठे आहे तेही सांगायला लागली. याला लाज वाटे, पण बटणाचं कबूल करण्यापेक्षा आंधळं ठरणं सोपं होतं. डॉक्टरपुढे मात्र घोळ झाला. अगदी खालची बारीक ओळ त्याने घडाघडा वाचून टाकली, आणि डोळ्यांत काडीचा दोष नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

बाहेरच्या बाकावर बायको त्याच्याशेजारी बसली. मग म्हणाली, दोष डोक्यात असेल, आणखी मोठ्या डॉक्टरकडे जाऊ. तिने त्याचा हात धरला होता आणि तिचाच हात गार पडला होता. आता त्याला राहवेना.

"मला काही झालेलं नाही. स्कूटरचा दिवा मीच बंद केलाय. सीटखाली बटण आहे."

आता आपली धडगत नाही, असं समजून तो मान खाली घालून बसला. तिने पिशवीतून एक कागद काढून त्याच्या हातात ठेवला. मोटार शिकवणाऱ्या क्लासची पावती होती, तिच्या नावाची. मोटारीत बाजूच्या सीटवरसुद्धा भीतीने डोळे मिटून बसणारी बाई ती.

"तुम्हाला दिसेनासं झालं तर कुणीतरी ने-आण करायला हवी ना," ती म्हणाली.

घरी येताच त्याने बटण उपटलं, वायर जोडून कथलाचा डाग देऊन पक्की केली आणि बायकोला स्कूटर घेऊन दूर वळणापर्यंत पाठवलं. स्वतः गॅरेजच्या बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. झाडांखाली ती दिसायच्या कितीतरी आधी तिचा दिवा दिसला. ती जवळ येत गेली तसे त्याचे डोळे भरून आले, आणि तेवढा वेळ मात्र त्याला खरंच काही दिसलं नाही.